अस्तर अजून गप्प आहे

आमच्या थोरल्या वहिनीचे कान किती तिखट, ते सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. खुशाल काढा. मुंगीने साखरेचा दाणा फोडला तर शेजारच्या खोलीतून ती सांगते, कुठल्या बाजूच्या दाढेने फोडला ते. ही बाई मूल न होणाऱ्यांच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. गोठवलेले गर्भ जपायचे, वेळ आली की उबेला आणायचे. पुढे डॉक्टर ते गर्भाशयात सोडतात.

त्या सकाळी एका शिंपीणबाईंचा नंबर होता. आधीचे दोन गर्भ रुजले नव्हते. हा तिसरा, आणि शेवटचा.

गर्भ उबेला काढण्याआधी वहिनी प्रयोगशाळेतून वर गेली, शिंपीणबाईंच्या पोटाशी कान नेला आणि म्हणाली, "आज नाही. अस्तर अजून गप्प आहे."

"मॅडम, सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर झकास दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"दिसायला तुम्हीही झकास दिसता, डॉक्टर. पण बोलता कुठे वेळेवर?"

शिंपीणबाई धसकल्या. "अहो, माझं अस्तर मुकं आहे की काय?"

"मुकं कसलं! झोपलंय. गर्भ आत गेला की रसायन सोडून हाक मारतो, 'आहे का कोणी?' अस्तराने उलट रसायन सोडून म्हणायचं, 'ये.' मग तो चिकटतो. पण अस्तर जेमतेम एक-दोन दिवस जागं असतं. त्याआधी पोचला तर बिचारा दाराशी हाका मारून थकतो."

"अस्तर जागवायची इंजेक्शनं सुरू करून आज पाचवा दिवस आहे, गर्भ सोडायचाच," डॉक्टरांनी कार्ड पुढे केलं.

वहिनीने कार्ड पाहिलं आणि नव्या सिस्टरला विचारलं, "पहिल्या इंजेक्शनचा दिवस किती धरलात?"

"एक. माझ्या आधीच्या दवाखान्यात एकच धरायचे."

"इथे शून्य धरतात, बाई! आज चौथाच."

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि हातमोजे काढले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने कान लावला. "आज तोंड बंद करेना!" डॉक्टरांनी गर्भ सोडला.

शिंपीणबाईंचं घर दवाखान्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. तरी दोन दिवसांनी चहा पिता पिता वहिनीला सगळं ऐकू आलं. गर्भाने हाक मारली. अस्तर म्हणालं, "किती दिवस मुक्काम?" "नऊ महिने." "मग नीट पाय पसर."

डॉक्टर हसले. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत ते दहा दिवस हसतच होते.

रिपोर्ट आला. गर्भाचं ते हाक मारणारं रसायन आता आईच्या रक्तात उतरलंय का, ते त्यात कळणार होतं. डॉक्टर कागद मनातल्या मनात वाचू लागले.

"मोठ्याने वाचा, डॉक्टर," शिंपीणबाई खुर्चीची कड घट्ट धरून म्हणाल्या. "मला काही मॅडमसारखे कान नाहीत."

"रुजलाय!" डॉक्टर असे ओरडले, की खाली चौकात सिग्नल लाल असतानाच सगळ्या गाड्या सुटल्या.