नियमाप्रमाणे पुकारा

"म्हणजे ओरडू की कानात सांगू, ते एकदा ठरवा," भोंगा म्हणाला.

हेडक्लार्कने उत्तर टाळण्यासाठी चष्मा पुसायला घेतला.

भोंगा म्हणजे कोर्टातला पुकारा करणारा शिपाई. खटल्याची पाळी आली की दारात उभं राहून माणसाचं पूर्ण नाव तीनदा पुकारायचं, यावर त्याचा संसार चालला होता. आवाज असा, की जिन्याखाली नुसत्या सावलीला टेकलेल्या माणसालाही आपण काहीतरी केलंय असं वाटावं. घरी मात्र तो पुटपुटल्यासारखा बोले. बायको म्हणायची, सगळा आवाज सरकारला विकून येतात, आमच्या वाट्याला नुसता घसा.

इमारतीच्या मागच्या अंगाला मुलांचं कोर्ट होतं; तिथलं कामही भोंग्याकडेच. तिथे पुकारा नसे. मुलाजवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचं, "चल बाळा." पुढच्या अंगाला मोठ्यांचं कोर्ट. तिथे हात लावायचा नाही, नुसतं ओरडायचं. आजचा मुलगा सोळा वर्षांचा. त्यानं गोदाम पेटवल्याचा आरोप होता, आणि आत झोपलेला रखवालदार जळून गेला होता. मुलाचा खटला मागे चालवायचा की पुढे, एवढंच आज पुढच्या न्यायाधीशबाई ठरवणार होत्या. मागे राहिला तर काही वर्षं सुधारगृह; पुढे आला तर उभा जन्म तुरुंगात जायची भीती. आता असल्या मुलाला आत बोलवायचं तरी कसं?

"ओरडलास तर त्याचा वकील म्हणणार, आधीच मोठा ठरवला," हेडक्लार्क म्हणाला. "कानात सांगितलंस तर सरकारी वकील म्हणणार, लहान ठरवला. थांब, बाईसाहेबांना विचारतो."

बाईसाहेब जेवत होत्या. आतून निरोप आला, नियमाप्रमाणे करा. असा काही नियम नव्हता, पण असं सांगितलं की जेवण निवांत होतं.

भोंगा दाराशी स्टुलावर टेकला. व्हरांड्यातल्या लांब बाकावर दोन हवालदारांच्या मध्ये मुलगा बसला होता. उंचीनं तो दोन्ही हवालदारांना पुरून उरला असता; ओठांवर काजळाचं बोट फिरवल्यासारखी मिशी. त्याच्या आईनं आणलेला डबा तो मान खाली घालून खात होता. "भुऱ्या, चावून खा," ती म्हणत होती, जणू तेवढंच काय ते आता तिच्या हातात होतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रखवालदाराची मुलगी होती. प्रत्येक तारखेला यायची. सकाळी भोंग्यानं तिला पाणी आणून दिलं आणि उगाचच म्हणाला, की पोर लहान आहे हो. तिनं पाणी पूर्ण पिऊन घेतलं, पेला परत दिला आणि म्हणाली, "काका, माझे बाबा काय लहान कोर्टात मेले?"

भोंग्यानं पेला दोनदा विसळून ठेवला होता.

दुपार पिवळी होऊन पसरली. पंखा एका बाजूला कण्हत फिरत होता. भोंग्याचे डोळे जड झाले, आणि त्यानं आजवर पुकारलेली सगळी नावं झरोक्यांत पारव्यांसारखी बसलेली त्याला दिसली. एकेक नाव खाली उतरलं. व्हरांड्याची गल्ली झाली. नावं गोट्या खेळायला लागली. मग उन्हं कलली, दारोदार आया आल्या आणि आपापलं नाव हाक मारून घरात घेऊन गेल्या. एकच पोर मागे राहिलं. त्याला कोणी बोलावत नव्हतं, आणि अंधारत चाललं होतं.

"अरे, पाळी आली, पुकार," हेडक्लार्कनं बाही ओढली.

भोंगा उभा राहिला आणि त्यानं हाक मारली.

"भुऱ्याऽऽ, चल रे, अंधार पडलाऽऽ!"

"आलोऽऽ!" बाकावरून फुटक्या आवाजात उत्तर आलं, आणि मुलगा धावत सुटला.

एक हवालदार डब्यावर पडला. दुसऱ्यानं शिट्टी फुंकली. मुलगा थेट भोंग्यापुढे येऊन थांबला, धापा टाकत, आणि त्याच्या तोंडाकडे बघून आपण कुठे आहोत हे त्याला हळूहळू आठवलं. तोवर हवालदारांनी त्याला खाली पाडलं होतं.

आत सरकारी वकील म्हणाले की आरोपी पळत होता, मोठ्या माणसाचं डोकं आहे हे. बचावाचे वकील म्हणाले की हाकेला ओ देऊन धावत येतो, मूल आहे ते. धाव एकच, दोघांनाही पुरली. बाईंनी भोंग्याला समोर बोलावलं.

"डोळा लागला होता बाईसाहेब," तो म्हणाला. "झोपेत हाक मारली. तो पळाला नाही, आला."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी निकाल दिला. खटला पुढच्या कोर्टात चालेल. धावण्याचा विचार कुठल्याच बाजूनं केलेला नाही. कामावर झोपल्याबद्दल भोंग्याला ताकीद मिळाली. घरी त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, की आज घसा बसलाय.

पुढच्या तारखेला हेडक्लार्कला काही विचारावं लागलं नाही. आता नियम होता. भोंगा दारात उभा राहिला, छाती भरून घेतली आणि मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, असं सगळं पुकारलं. आवाज जिन्यापर्यंत जाऊन परत आला. बाकावर कोणी हललं नाही. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. मुलगा इकडे तिकडे बघू लागला, एवढ्या भारदस्त नावाचा माणूस कोण, म्हणून. आई तोंडाला पदर लावून बसली होती. हवालदार डुलकी काढत होते.

भोंग्याचा हात सवयीनं पुढे झाला होता. तो त्यानं मागे घेतला आणि तिसऱ्यांदा पुकारलं.

तेव्हा बाकाच्या टोकावरून रखवालदाराची मुलगी मुलाकडे जराशी वळली. आजवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"तुला बोलावतायत," ती म्हणाली.

तो उठला. त्याला जायला वाट व्हावी म्हणून तिनं आपले पाय बाकाखाली घेतले.