मी टिपलेली हाळी

मी एक रेकॉर्डर बोलतोय. तळहातावर मावेन एवढा आहे. डोक्यावर दोन माईक, पोटात दोन सेल. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आता जरा माझंही ऐका. आधीच सांगतो, मला डोळे नाहीत. जे सांगेन ते सगळं ऐकलेलं. लाल दिवा बंद असला तरी मला ऐकू येतं, टिपता येत नाही एवढंच. हे माणसांना ठाऊक नसतं, म्हणून ती माझ्यासमोर मोकळेपणानं बोलतात.

जन्माचं काय सांगू? कुठल्याशा परदेशी कारखान्यात एका बाईनं मला जोडलं. कामाच्या नादात ती नाकातल्या नाकात गुणगुणायची. तिचं नाव मला माहीत नाही. पाठीवर कंपनीचं नाव तेवढं ठळक आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पुढं एका दुकानातल्या काचेच्या कपाटात पडून होतो, तिथून सुकन्यानं मला उचललं. सुकन्या माळशिरसकडची, मेंढपाळाची पोर. सोलापुरात शिकली आणि शुक्रवार पेठेत एका चादरीच्या दुकानाच्या माडीवर कामाला लागली. त्या माडीवर व्हिडिओ गेम बनायचे. पाच-सहा माणसं, दोन खोल्या. गेममधले आवाज तयार करणं हे सुकन्याचं काम. तिच्या खोलीच्या भिंतींना चारी बाजूंनी चादरी टांगलेल्या होत्या, रस्त्याचा गलका आत येऊ नये म्हणून. तरी खालच्या हलगीवाल्यांची वरात काही थांबायची नाही!

काय काय नाही केलं आम्ही त्या खोलीत! गेममध्ये राक्षसाची हाडं मोडायची, तर सुकन्या माझ्या कानाशी कडक भाकरी मोडायची. राक्षस चालायला लागला की ती उखळात शेंगदाणे कुटायची. संध्याकाळी त्याच कुटाची चटणी करून सगळे त्याच मोडक्या भाकरीशी खायचे. "आज राक्षस लई चवदार झालाय," असं म्हणून हसायचे. ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू.

कोडिंग बसू करायचा. हा अक्कलकोटचा, घरी कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा. तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ. आणि या सगळ्यांचे मुख्य म्हणजे पंचाक्षरी सर. गेमचे दिग्दर्शक. माणूस वाईट नव्हता हो. अंगात ताप असतानाही काम करायचा. चहा सगळ्यांना स्वतः ओतून द्यायचा. गेमची कल्पना त्याचीच होती. अंधाऱ्या माळावर एका मेंढपाळाचा कळप हरवलाय आणि तो एकेक मेंढरू शोधत हिंडतोय. बटण दाबलं की मेंढपाळ हाळी देतो आणि अंधारातून मेंढरं येतात. गेमचं नाव 'हरवलेला कळप'.

सगळा खेळ त्या हाळीवर उभा होता आणि हाळी काही केल्या जमेना. सरांनी स्वतः ओरडून पाहिलं. बसू म्हणाला, "सर, ह्या आवाजानं मेंढरं येणार न्हाईत. आहेत ती पण पळतील." शेवटी सुकन्या हळूच म्हणाली, "आमच्या आबांची टिपून आणू का?"

मग मला पिशवीत घालून ती गावी घेऊन गेली. तिचे आबा म्हणजे वडील, जोतिराम वाघमोडे. माळावर वारा होता, म्हणून तिनं माझ्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवली. आबांनी खाकरून घसा साफ केला आणि हाळी दिली. आधी घशातून खोल हुंकार, मग जिभेची टाळी, मग लांब चढत जाणारी 'येऽऽऽ', टोकाला जाऊन फुटणारी. मी आजवर हजार आवाज टिपले असतील, पण तसा आवाज पुन्हा कानांवर पडला नाही. सगळ्या बाजूंनी मेंढरांच्या खुरांचा आवाज आला.

"आज्ज्याकडनं बापाकडं, बापाकडनं माज्याकडं आली ही," आबा म्हणाले. "दर घरची येगळी असती. आमची मेंढरं दुसऱ्याच्या हाळीला मान बी वळवायची न्हाईत."

"आबा, गेमच्या शेवटी तुमचं नाव येणार पडद्यावर," सुकन्या म्हणाली.

आबा म्हणाले, "बाई, आमच्या घराण्यात कुनाचं नाव कुटं लिवल्यालं न्हाय. अंगठ्यावर दिस गेलं समद्यांचं. खरंच येतंय व्हय?"

"येतंय म्हंजे! देशोदेशीची मानसं वाचतील."

बास, तेव्हापासून म्हाताऱ्यानं ते नाव मनात धरलं. सुकन्याला दर फोनवर विचारायचा, "झालं का गं? कदी येतंय?"

गेम पुरा होत आला. सगळे घाईत होते. एक दिवस पंचाक्षरी सर सुकन्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "सुकन्या, शेवटच्या नावांत आबांचं आणि तुझं टाकायचं ना? का राहू दे?"

आता इथं आमच्या मुलखाची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. जेवताना पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, "बास, बास," म्हणतो, आणि वाढणारी त्याच्या बोटांवरून भाकरी टाकतेच. पहिल्या विचारण्याला कुणी 'हो' म्हणत नाही, म्हटलं तर हावरेपणा. चहासुद्धा दुसऱ्या आग्रहाशिवाय कुणी घेत नाही. सुकन्या त्याच वळणात वाढलेली पोर. ती लाजून म्हणाली, "असू द्या की सर. घरचंच तर काम हाय."

आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बरं," सर म्हणाले आणि गेले.

अहो, हाच माणूस! कुणी पेढा पुढं केला तर दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा दोन उचलणारा! त्याला रीत ठाऊक नव्हती काय? घाईत होता म्हणा, किंवा सोयीचं होतं म्हणा, मला त्याच्या पोटातलं ऐकू येत नाही. सुकन्याला मात्र खात्री होती. बसूला म्हणाली, "सर टाकतीलच रे. ते का परके हायत?"

गेम बाहेर पडला आणि गाजला. इतका गाजला की परदेशातून फोन यायला लागले. सरांच्या मुलाखती सुरू झाल्या. सगळीकडं त्यांचंच नाव! 'पंचाक्षरींचा गेम, पंचाक्षरींची दृष्टी.' बसू एकदा वैतागून म्हणाला, "कोड मी लिहिला, आवाज तू केलीस, आणि सर सगळ्या वाक्यांत 'मी, मी' करलालेत. एकदा तर 'आम्ही' म्हण की!"

"मोठ्या मानसाच्या नावावरच गेम खपतो रे," सुकन्या म्हणाली. "शेवटी नावं येतात की आपली." तिनं तोवर ती नावं पाहिलीच नव्हती; शेवटची यादी सरांनी स्वतः टाकली होती, बसूलाही दाखवली नव्हती. आबांबरोबर पहिल्यांदा बघायची, असं तिनं मनाशी धरलं होतं.

तो दिवस ठरला. सुकन्या, बसू आणि पिशवीत मी असे माळशिरसला गेलो. घरात भावकी जमलेली, बाया-माणसांनी खोली भरलेली. टीव्हीला गेम जोडून बसूनं शेवटचा टप्पा खेळायला घेतला. आबांची हाळी टीव्हीतून आली तशी बाहेरच्या वाड्यात मेंढरं बें-बें करत उठली. सगळे हसले, टाळ्या पडल्या. शेवटचं मेंढरू सापडलं, संगीत सुरू झालं. नावं वर सरकायला लागली असणार, कारण खोली एकदम चिडीचूप झाली.

"आलं का गं?" आबांनी विचारलं.

"अजून न्हाय. येतंय."

संगीत वाजत होतं. सुकन्याचा श्वास जलद झाला. बसू खोकला.

"आलं का?"

संगीत संपायला आलं होतं. तेव्हा सुकन्या म्हणाली, "आलं, आबा! ते बगा. ते खालचं, तेच."

केवढा गलका झाला म्हणून सांगू! कुणी 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणालं. आबांचा आवाज टीव्हीजवळून आला, भरून आलेला. "हितं व्हय? हे माजं नाव?"

परत येताना रस्त्यावर चहाला थांबले, तेव्हा बसूचा आवाज पडला होता. "आबांनी टीव्हीला भंडारा लावला, सुकन्या. तू बोट दाखवलीस ते सरांच्या मांजरीचं नाव होतं. घरच्यांचे आभार म्हणून मांजरीचं सुद्धा टाकलेत. आपलं एकाचंही न्हाई. 'ध्वनी : पंचाक्षरी' एवढंच."

सुकन्या रडली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं. सरांचा आवाज चढलाही नाही. "अगं, मी विचारलं होतं. तूच 'असू द्या' म्हणालीस."

"एकदाच इचारलं की सर तुमी."

सर म्हणाले, "गेम आता बाहेर पडलाय. आणि खरं सांगू? लोकांना एकच चेहरा लक्षात राहतो, त्याला मी काय करू? असं कर, सोलापुरात माझा सत्कार आहे, आबांना घेऊन ये. स्टेजवर बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो."

बुडत्याला काडीचा आधार, तसं झालं तिचं. तिनं आबांना फोन केला. आबांनी घरच्या लोकरीचं घोंगडं घेतलं सरांना द्यायला. सभागृहात सुकन्यानं मला पिशवीत चालू करून ठेवलं. आबांचं नाव स्टेजवरून घेतलेलं तिला जपून ठेवायचं होतं. ते सगळं माझ्यात अजून आहे. हार-तुरे, फेटा, भाषणं. मग सूत्रसंचालकानं विचारलं, "सर, ती हाळी! जगाला वेड लावलं तिनं. कुठून सुचली?"

सर म्हणाले, "ती सुचत नाही हो. या मातीत लहानाचा मोठा झालो, ती आत कुठंतरी साचलेली होती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुकन्या "आबा, चला," म्हणाली, कारण सर विसरले असतील असं तिला वाटलं. आबांच्या वहाणा पायऱ्या चढल्या. माईकवर आवाज आला, "आणि आपल्या एका धनगर बांधवाकडून सरांना घोंगडं, सस्नेह भेट!" फोटोवाले ओरडले, "आजोबा, थोडं बाजूला. सर, इकडं बघा." सर म्हणाले, "वा वा, आबा, धन्यवाद!" सुकन्या पायरीवरून म्हणाली, "सर, सांगा की!" तेवढ्यात मंत्र्यांच्या पीएची कुजबूज माईकवर आली, "सर, साहेब निघालेत, चला." आबा माईकजवळच उभे असणार, कारण त्यांचं घसा खाकरणं मला स्पष्ट ऐकू आलं. हाळी द्यायच्या आधी खाकरायचे तसंच. मग कुणीतरी म्हणालं, "आजोबा, इकडून उतरा, इकडून."

ज्याच्या हाती ससा तो पारधी! बाकीच्यांनी रान उठवलं, ते गेले उडत.

एसटी स्टँडवर आबा म्हणाले, "बाई, त्या दिशी माजं नाव आलंच नव्हतं, न्हवं?"

सुकन्यानं पिशवीत हात घालून मला बंद केलं.

"वाचता येत न्हाय ते बरं हाय माजं," आबा म्हणाले.

यानंतर सुकन्यानं नोकरी सोडली. दुसरीकडं अर्ज केले. सगळीकडं एकच प्रश्न : 'हरवलेला कळप'मध्ये तुमचं नाव कुठं आहे? आता ती एका जाहिरातवाल्याकडं आहे. टेम्पोच्या भोंग्यासाठी मला धरून म्हणते, "चादरींचा भव्य सेल! आजच या!" मी टिपतो. करणार काय? माझा एक माईक बसलाय, सेल लवकर उतरतात.

मध्ये एकदा तिला उमेद आली होती. आपणच एक छोटा गेम करू, आबांच्या नावानं, बसू मदत करेल, असं ठरवून ती मला घेऊन माळावर गेली. "आबा, हाळी द्या की एकदा," म्हणाली आणि बटण दाबलं.

आबा म्हणाले, "न्हाय देनार बाई. बंद केली म्या."

मग त्यांनी सांगितलं. अकलूजच्या रस्त्यानं कॉलेजची पोरं गाडीवरून चालली होती. एकाच्या मोबाईलवर तीच हाळी वाजली, गेममधली. सगळा कळप आबांना सोडून रस्त्याकडं धावला. आबा मागून तीच हाळी देत होते, पण मेंढरांनी करायचं काय? पुढंही आबा, मागंही आबा. उसाचा ट्रॅक्टर आला. सात मेंढरं गेली. वर ती पोरं म्हणाली, "म्हातारा गेमची नक्कल करतोय बघ!"

"माज्याच आवाजानं मारली ती, बाई. आता धोंडं मारून वळवतो. निम्मी वळत्यात, निम्मी ऱ्हात्यात." मग म्हणाले, "आन् हाळी त्यांची हाय आता. आपुन दिली तर चोरी म्हंतील."

सुकन्यानं बराच वेळ बटण तसंच ठेवलं. माझ्यात वारा आला, मेंढरांचं ओरडणं आलं, धोंडा पडल्याचा आवाज आला. त्यापुढं माणसाचा आवाज आला नाही.

आता माझा निरोप घ्या. खेळ संपल्यावर नावं सरकायला लागली की बटण दाबून पळवू नका, थांबून वाचा, अशी विनवणी करणार होतो. पण ती तरी कुठल्या तोंडानं करू? तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक अक्षर वाचलंत, तरी मांजर सापडेल. जोतिराम वाघमोडे त्यात कुठंच नाहीत.