सायकलींचा पहारा

गेंटला सायकलने जायची कल्पना माझी होती, हे मी आधीच सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर लेंडर्ट सांगेलच.

आम्ही हॉलंडच्या दक्षिण टोकाला, आक्सलला राहतो. तिथून कालव्याच्या काठाने गेंट म्हणजे अर्ध्या दिवसाची सायकल. मध्ये बेल्जियम कधी लागतं तेही कळत नाही. तरी लग्नाला एवढी वर्षं झाली, आम्ही दोघांनी मिळून ते शहर कधी पाहिलं नव्हतं. लेंडर्ट जहाजांच्या जलद्वारावर काम करतो, मी पडद्याच्या कापडाच्या दुकानात. दोघांना एकदम सुट्टी मिळायची मारामार. शेवटी आमच्या मुलीनेच, मेरेलने, एका शनिवारची खोली ठरवून दिली आणि वर दम भरला, की आता काही कारणं काढलीत तर बघा.

मला गेंटच्या मोठ्या चर्चमधलं कोकराचं प्रसिद्ध जुनं चित्र बघायचं होतं. शाळेच्या सहलीत एकदा नेलं होतं तिथे, पण माझ्यापुढे एक उंच मुलगी उभी होती. मी बघितली ती तिची वेणी.

अडचण लेंडर्टच्या सायकलची होती. वर्षभर विचार करून त्याने वसंतात नवी गडद हिरवी सायकल घेतली, आणि तेव्हापासून ती आमच्या घरात तिसऱ्या माणसासारखी राहते. त्यात कामावरच्या कुणीतरी त्याच्या कानात भरलं, की गेंटमध्ये सायकल ठेवून वळलं की गेली. झालं. त्याने एक साखळीचं कुलूप आणलं. वजन तान्ह्या पोराएवढं. ते माझ्या पिशवीत ठेवलं, कारण त्याच्या सायकलचा तोल म्हणे त्याने बिघडतो.

निघालो तर वारा समोरून. कालव्याकाठी आडोसा नाही, तोंड उघडलं की वारा आत. वाटेतल्या झेल्झाटे गावात माझे गुडघे बोलायला लागले. तिथे एक बरं कॉफीघर दिसलं. मी म्हटलं, बसू या. लेंडर्टने काचेतून आत पाहिलं, मग सायकलींकडे पाहिलं, आणि म्हणाला की आतून त्या दिसणार नाहीत. मग आम्ही बाहेरच्या बाकावर बसून घरचाच पाव आणि चीज खाल्लं. पावाचा कागद उडून कालव्यात गेला. आत लोक गरम सूप पीत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि काही बोलले नाही. दिवस मोठा होता, बोलायला पुष्कळ वेळ मिळणार होता.

गेंटमध्ये शिरलो तर सगळीकडे दगडी फरसबंदी आणि ट्रामचे रूळ. लेंडर्ट सायकलवरून उतरला आणि तिला हाताने धरून चालवायला लागला, चाकाला दगड लागू नये म्हणून. चर्चशी पोचलो. तिकिटं दोघांची काढलेली होती. दारात तो म्हणाला, तू जा, मी इथे थांबतो.

मी म्हटलं, "मग हे कुलूप मी कशासाठी वाहून आणलंय?"

"ते रात्रीसाठी."

"आणि दिवसा काय, चोर झोपतात?"

त्याने माझं तिकीट पुढे केलं. मी एकटी आत गेले.

चित्र चांगलं होतं. खरं सांगायचं तर चांगलं याहून बरंच जास्त होतं. ते कोकरू माणसासारखं सरळ आपल्याकडे बघतं, मला कसंसंच झालं. "अरे, याचे डोळे बघ," म्हणून मी वळले, तर बाजूला छत्री घेतलेली एक अनोळखी बाई. तिने नम्रपणे मान हलवली. बाहेर आले तेव्हा लेंडर्ट दोन सायकलींच्या मध्ये हवालदारासारखा उभा होता. कसं होतं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोठं होतं.

खोलीवर आणखी कहर. घराची मालकीण गोडेलिव्ह नावाची, कंबरेवर हात ठेवून बोलणारी बाई. तिच्याकडे सायकली आत ठेवायला जागा नव्हती. लेंडर्टने दोन्ही सायकली एकेक करून अरुंद जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. वळणावर भिंतीच्या कागदाला हँडल घासलं. गोडेलिव्हबाई खालून म्हणाल्या, "तुम्ही हॉलंडवाले घरचा पाव घेऊन येता ते माहीत होतं. अंथरुणात सायकल घेऊन झोपता हे आज कळलं."

आम्हा तिघांचं, म्हणजे चौघांचं, त्या खोलीत कसंबसं भागलं.

रविवारी सकाळी गोडेलिव्हबाईंनी बजावलं, की सायकली आता खाली गेल्या की पुन्हा वर येणार नाहीत. मग लेंडर्टने नदीकाठच्या लोखंडी कठड्याला दोन्ही सायकली त्या साखळीने जखडल्या. दहा वेळा ओढून पाहिल्या. पलीकडच्या बाजूने साखळी नीट बसली का ते बघायला तो कठड्यावरून ओणवा झाला, आणि शर्टाच्या खिशातली किल्ली पाण्यात पडली. इवलासा आवाज झाला.

दुसरी किल्ली आक्सलला, स्वयंपाकघरातल्या खणात. दोन घेतल्या तर दोन हरवतात, असं तोच घरी म्हणाला होता.

गोडेलिव्हबाईंनी ओळखीच्या कुलूपवाल्याला फोन लावून दिला. रविवार असल्यामुळे तो दुपारच्या जेवणानंतर येणार होता. म्हणजे सगळी सकाळ मोकळी. मी म्हटलं, चल. आणि लेंडर्ट कठड्याशी दगडी पायरीवर बसला. तो म्हणाला, तू फिरून ये, मी इथे लक्ष ठेवतो.

आता मात्र माझा बांध फुटला. मी आवाज चढवला नाही, पण शेजारच्या नावेत तिकिटं देणारा मुलगा वळून बघायला लागला.

"लेंडर्ट, हे कुलूप तुला स्वतःला उघडत नाहीये. ते दुसरं कोण उघडणार आहे? कुणाची वाट बघतोयस?"

तो बुटाच्या नाडीशी खेळत बसला. मी म्हटलं, सायकलीचं सोड, खरं काय ते सांग.

शेवटी तो म्हणाला, "मला तिथे काय करायचं ते कळत नाही, नेल."

"कुठे?"

"चित्रांपुढे. तू उभी राहतेस, तुला काहीतरी दिसतं. मी उभा राहतो आणि विचार करतो, आता पुढे सरकलो तर चालेल का. लोक बघतात असं वाटतं."

इतकी वर्षं. मेरेल लहान असताना संग्रहालयात न्यायचं ठरलं की याचं गाडी लावायला लांब जाणं, एकदा पाठीत उसण, एकदा कुत्र्याला सांभाळायचं म्हणून बाहेर. कुत्रा शेजाऱ्यांचा होता. मला हसावं की त्याला नदीत ढकलावं ते कळेना. मी शेजारी बसले आणि सांगितलं, की मलाही कळत नाही. निम्मा वेळ मी लोकांचे बूटच बघत असते. त्याला ते खरं वाटलं नाही, पण तो उठला.

चित्रांचं नावच काढायचं नाही असं ठरवून आम्ही घंटांच्या मनोऱ्यावर गेलो. तिथे वर एक भलंमोठं पितळी पिंप आहे, त्याला हजारो खुंट्या. ते फिरलं की तारा ओढल्या जातात आणि घंटा वाजतात. लेंडर्टने ते पाहिलं आणि संपलं. तो त्याच्याभोवती फिरला, वाकला, मागून पाहिलं, पुन्हा पुढून. लोक त्याला वळसा घालून जात होते, त्याला पत्ता नाही. मी म्हटलं, चल आता. तो म्हणाला, पुढच्या वेळी वाजेल तेव्हा बघू. ते वाजलं. मग म्हणाला, अजून एकदा. मला भूक लागली होती, पाय दुखत होते, वाऱ्याने केसांचं घरटं झालं होतं, आणि नवरा हलायला तयार नव्हता. शेवटी मी दंडाला धरून त्याला खाली आणला.

कुलूपवाला आमची वाट बघून वैतागला होता. त्याने सायकली कुणाच्या ते विचारलं नाही, फक्त यंत्र लावलं. ठिणग्या उडाल्या आणि मी बटाटा सोलते त्याहून कमी वेळात साखळी तुटली. नदीकाठाने शंभर माणसं जात-येत होती, एकानेही थांबून पाहिलं नाही.

लेंडर्ट पांढराफटक पडला. परतीला वारा पाठीवर होता, नुसतं बसून राहिलं तरी सायकल पळत होती, पण त्याला कसलं सुख नव्हतं. झेल्झाटेपर्यंत तो एवढंच म्हणत होता, की भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणी विचारू नये? मी या वेळी कॉफीघरात शिरले आणि सूप मागवलं. तो जरा वेळ दारात घुटमळला, मग आला. खिडकीकडे पाठ करून बसला नाही, एवढं खरं.

पुढे सास फान गेंट गावात कालव्यावरचा पूल वर उचललेला होता. जहाज सावकाश चाललं होतं, आम्ही सायकली टेकवून उभे होतो. लेंडर्ट म्हणाला, ब्रुख शहरातही मनोरा आहे, तिथलं पिंप म्हणे याहून मोठं आहे. शरदात जाऊ या.

"जाऊ," मी म्हटलं, "पण आगगाडीने."

त्याने जहाजाकडे बघत थोडा विचार केला.

"आगगाडीत सायकली कुठे ठेवतात?" त्याने विचारलं.