सुटलेल्या शब्दाची खूण

बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात लाल आकडा चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव असा बदलत राहिला, आणि तो ठरायची वाट पाहता पाहता त्याला पुन्हा ते पत्र आठवलं — आठ महिने शब्दकोशात दडवलेलं, 'उत्तर' या शब्दाच्या पानात. ठेवताना तो विनोद वाटला होता.

पत्र जुळाऱ्याचं. एकतीस वर्षं तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि समोरच्या टेबलाशी बसून हा मुद्रितं तपासायचा. "शुद्धलेखनराव," जुळाऱ्यानं लिहिलं होतं, "आठवणींचं पुस्तक करतोय. तपासशील तर तूच. नाही म्हणायचं तर नाही म्हण, पण गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की वाटतं, माझंच काही चुकलं."

आणि तो गप्पच बसला. कळवणार तरी काय? कोविड होऊन दीड वर्ष झालं, तपासण्या स्वच्छ, छातीचा फोटो 'वयाच्या मानानं उत्तम' — आणि तरी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसावं लागतं, अर्धं पान वाचलं की ओळी एकमेकींत शिरतात, किल्लीला तो 'उघडायचं ते' म्हणतो. लोक म्हणतात, वय. त्यालाही कधी कधी... मी ढोंग तर करत नाही ना? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतःच्या डोक्यातली एक सापडत नाही.

सून दारात आली. अंगातली ताकद पुरवून वापरा, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून रोज सकाळी तिचा एकच प्रश्न असे.

"बाबा, आज आंघोळ की वाचन?"

"पत्र."

"मग आज तुम्ही पारोसेच. बरंय, पत्रातून वास जात नाही."

"मला तर नाकातूनही येत नाही," तो म्हणाला. ती हसली, तोही हसला, आणि त्या हसण्याची उबळ ओसरायला पाच मिनिटं गेली.

दहा मिनिटं लिहायचं, वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं. असं करत दुपारपर्यंत पान भरलं. वाचून पाहिलं तर एका वाक्यात शब्दच सुटलेला. हातानं सवयीनं ओळीखाली ते छोटं टोक काढलं — इथे काही राहिलंय, असं सांगणारं — पण वर लिहायचा शब्द येईना. आणि मग लक्षात आलं, त्या खुणेचं नावही येत नाही. कुठल्याशा पक्ष्याचा पाय... हजारो पानांवर काढलेली खूण! याआधी चार उत्तरं अशाच ठिकाणी अडून फाडली होती.

पण ही खूण दिसली की जुळाऱ्याचा हात न विचारता खिळ्यांच्या खणाकडे जायचा. त्याला कळेल. तो पुढे लिहीत गेला; शब्द अडला की टोक काढायचं, वरची जागा मोकळी. सहा टोकं झाली. शेवटी लिहिलं: "तुझं काहीच चुकलेलं नाही. मी आजारी आहे, अजून. सगळं पुस्तक झेपणार नाही. दिवसाला एक पान पाठव, चुका राहतील. आणि या खुणेला आपण काय म्हणायचो, ते कळव."

"द्या, मी टाकते पेटीत," सून म्हणाली.

"नको."

"मग घडीची खुर्ची न्या. आणि दम खायला लाजू नका."

तीच तर लाज. दम धरावा, दम द्यावा, दम खावा — एवढ्याशा शब्दाचा केवढा संसार, आणि आपल्यापाशी तो नळीच्या टोकापर्यंत पुरत नाही... नळीच्या नव्हे, गल्लीच्या. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत तो दोनदा थांबला, उभ्याउभ्याच, दुकानांच्या पाट्या वाचल्याचं सोंग करत, खुर्ची काखेतच.

पेटीच्या फटीशी हात अडला. न दुरुस्त केलेला कागद हातून कधी सुटला नव्हता. सहा रिकाम्या जागा... हसेल का तो? की वाचून गप्प बसेल, माझ्यासारखाच? त्यानं बोटं सोडली. आत काहीतरी हलकंसं आपटलं.

त्या खुणेतला पाय हंसाचा की कावळ्याचा? ठरेना. त्यानं पेटीशेजारी खुर्ची उघडली, आणि भर रस्त्यात, पाट्याबिट्या न वाचता, दम खात बसला.