माणसाळलेलं

पिल्लाच्या पिंजऱ्याजवळ तोंडातून शब्द काढायचा नाही, हा आमच्या केंद्रातला पहिला नियम. दारावर लिहिलेला आहे, आणि दर सोमवारी मुलांना तो मीच वाचून दाखवते. घरट्यातून पडलेली पिल्लं आम्ही वाढवतो आणि परत सोडतो. माणसाचा आवाज आला म्हणजे खायला मिळणार, हे एकदा पिल्लाच्या डोक्यात बसलं की बाहेर गेल्यावर ते कुणाच्याही खिडकीत जाऊन बसतं आणि दगड खातं. म्हणून भरवताना अंगभर राखाडी झगा, तोंडावर जाळी, हातात लांब चिमटा. मुलं त्याला भुताचा झगा म्हणतात.

मुलं म्हणजे तेरा ते सतरा वयाची आठ जणं. कुणाची झोप उडालेली, कुणी शाळा सोडून खोलीचं दार लावून बसलेलं. समुपदेशक त्यांना आमच्याकडे पाठवतात. झाडांत, पक्ष्यांत हात गुंतले की मन जरा थाऱ्यावर येतं. त्यांना सांभाळणं माझं काम. दर दहा मिनिटांनी मी डोकी मोजते. नवरा म्हणतो, तू पोरं सांभाळत नाहीस, पहारा देतेस. माझा चार वर्षांचा लेक ज्या पाळणाघरात असतो, तिथल्या बाई माझा फोन उचलल्यावर हॅलोच्या ऐवजी "जेवला, झोपला" म्हणतात.

त्या आठांतली एक मुलगी वडील गेल्यापासून, म्हणजे पाच महिने, कुणाशीच बोलली नव्हती. मुलांनी तिचं नाव ठेवलं सायलेंट. ताई, तिला निदान व्हायब्रेटवर तरी टाका, असं एकजण म्हणाला तेव्हा ती हसली. आवाज न करता, पण हसली. पुढे घुबडाचं पिल्लू आलं, तेव्हा ते कुणाच्या हाती द्यायचं यावर आम्ही दोन मिनिटंही घालवली नाहीत. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, ही तर या नियमासाठीच जन्माला आलीय.

सहाव्या दिवशी दुपारी मी पिंजऱ्यामागून जात होते. आतून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. आधी वाटलं, कुणी मोबाईल लावून ठेवलाय. फळीच्या फटीला डोळा लावला. ती मुलगी तोंडावरची जाळी वर करून, चिमट्यात मांसाचा तुकडा धरून पिल्लाला सांगत होती, की आईने तिचे केस वाकडे कापलेत, की गणिताच्या बाई उंदराला पाहून टेबलावर चढल्या होत्या, आणि तू असतास तर त्या उतरल्या असत्या.

मी फळीवर टकटक करायला हवी होती. हात वर केलाही होता.

पण माझा लेक तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. तो पहिल्यांदा "नको" म्हणाला, तेव्हा मी न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर बसून रडले होते. त्या वाट पाहण्याची चव ज्या बाईच्या तोंडातून अजून गेलेली नाही, ती टकटक कशी करेल? मी हात खाली घेतला. अजून दोन दिवस, मग ती आपल्याशीही बोलेल, असं स्वतःला समजावलं. समुपदेशकांना पाठवायच्या कागदावर लिहिलं, "मुलगी हळूहळू माणसाळते आहे." शब्द छान सापडला म्हणून खूश झाले. पुढचे तीन आठवडे मी रोज त्या फळीमागे उभी राहिले आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

आज सकाळी चाचणी होती. पिल्लू आता चांगलं उडत होतं. सोडण्याआधी मोठ्या जाळीघरात एखादा अनोळखी माणूस पाठवतात. पक्षी घाबरून सगळ्यात उंच कोपऱ्यात गेला पाहिजे. फाटकावरचे काका आत गेले आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, काय राव, बरं आहे ना?

पिल्लू वरच्या फांदीवरून निघालं ते थेट काकांच्या खांद्यावर येऊन बसलं आणि चोच वासून ओरडायला लागलं. काकांनी पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. एक मुलगा हसला आणि अर्ध्यावरच थांबला.

डॉक्टरांनी वहीत लिहिलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, मला ते वाचता आलं. "माणसाळलेलं. सोडता येणार नाही."

माझाच शब्द. मी ज्याच्यावर खूश झाले होते तोच.

त्यांनी मुलांकडे वळून शांतपणे विचारलं, पिंजऱ्यात कोण बोलत होतं? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. व्हायब्रेटवाला म्हणाला, आम्ही तिकडे जातच नाही, आणि ही तर बोलतच नाही. तिच्यावर कुणाचाही संशय नव्हता. माझ्यावर तर नाहीच. तिचे ओठ मात्र घट्ट मिटत चालले होते, पांढरे पडेपर्यंत, आणि मला दिसलं की हे आता मिटले तर पाच महिन्यांनीही उघडणार नाहीत.

"ती बोलत होती," मी म्हणाले. "मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. मी थांबवलं नाही. चूक माझी आहे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मुलगी माझ्याकडे वळली.

"तुम्ही ऐकत होतात?"

सात मुलांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"मला वाटलं, हळू बोललं तर चालतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं ना. बाबा वाचणार नाहीत, हेपण सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं."

माझ्या उत्तरासाठी ती थांबलीही नाही. डॉक्टरांकडे वळून तिने विचारलं, याचं आता काय होणार? मागच्या आवारात पंख मोडलेलं एक म्हातारं घुबड आहे, डॉक्टर म्हणाले, त्याच्यासोबत ठेवून बघू. दोन-तीन महिने माणूस दिसला नाही, आवाज आला नाही, तर कधीकधी पिल्लं विसरतात. कधीकधी नाही विसरत. "तू मात्र तिकडे जायचं नाहीस."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता बोट केलं.

"आणि ह्या?"

"त्याही नाहीत," डॉक्टर म्हणाले.