तुळस गच्चीवर गेली

शेजारच्या अपार्टमेंटचा चौथा मजला चढला आणि आमच्या परसातलं ऊन गेलं. पाहुणं माणूस न सांगता उठून जावं, तसं हळूच गेलं. आता भर दुपारीही तिथं विहिरीच्या तळासारखा हिरवा, गार उजेड असतो. समोरच्या काचांवरून एखादा कवडसा भिंतीवर उतरतो, जरा रेंगाळतो, मिटतो. जप करत बसलं की आपण पाण्याखाली बसलोय असं वाटतं.

मला तो उजेड आवडला. तुळशीला मानवला नाही. रोज स्वतःच्या हातानं तिला पाणी घालायचं, हे लग्नापासूनचं माझं व्रत. ती पिवळी पडायला लागली, तशी मी तांब्या काठोकाठ भरून घेऊ लागले.

एका सकाळी सून स्नेहल कुंडीशी वाकली. माती उकरली, तर आंबूस वास आला.

"आत्ती, मुळं कुजल्यात की! किती पाणी घालताय?"

"एक तांब्या."

"मी पण घालतीय तुमच्या मागनं. वाळाय लागली म्हणून."

दारात आमचे हे पेपर घेऊन उभे होते. ते उगाचच खाकरले.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"मग? वाळत्या तुळशीकडं बघत बसू व्हय? अंघोळ झाली की ओततोय जरासं."

स्नेहल हसत सुटली. मग हसू आवरून म्हणाली, "हितं ते पाणी वाळणार कवा? हिला गच्चीवर न्यायला पायजे."

गच्चीचा जिना लोखंडी, उभा. माझे गुडघे तो चढत नाहीत. तुळस वर गेली तर व्रत मोडणार, आणि खाली राहिली तर तीच जाणार. दिवसभर माळ ओढली, पण बोटं नुसती मणी सरकवत होती. दुपारी कवडसा आला. कुंडीच्या वरून, हातभर अंतरावरून गेला. तुळशीच्या उरल्यासुरल्या काड्या सगळ्या त्याच बाजूला कललेल्या. मला वाटलं, ही केव्हाची हात वर करून उभी आहे, आणि मी तिच्या पायावर पाणी ओततेय.

"घेऊन जा गं," मी स्नेहलला म्हटलं. "पाणी तू घाल."

"आणि तुझं व्रत?" यांनी विचारलं.

"घेताना तुळशीला कुठं विचारलं होतं?"

रिकामी जागा बघवेना, म्हणून मी आणि स्नेहल नर्सरीत गेलो. मी सरळ जास्वंदीला हात घातला.

नर्सरीवाला केरबा म्हणाला, "मावशी, तिला ऊन लागतंय. सावलीत नुसती पानं येतील."

"मग देवाला चालंल असं दे काहीतरी."

"देवाला समदं चालतंय वो. सावलीला काय चालतंय ते बघूया."

भिंतीला नागवेल घेतली, म्हणजे विड्याची पानं घरची. ओल धरणाऱ्या कोपऱ्याला सोनटक्का. पन्हाळीखाली अळू. दगडांच्या सांदीत नेचे. सावलीतली झाडं कशी हळू आवाजात बोलणारी. ती आली आणि परस आणखी शांत झालं.

आज सकाळी स्नेहलनं वर पाणी घातलं. कुंडीतून निथळलेलं पाणी पन्हाळीतून उतरलं, अळूच्या पानावर टपटपलं. थेंब गोल होऊन पानभर फिरत राहिले.

"कशी हाय गं ती?" मी खालून विचारलं.

"कोंब फुटलाय, आत्ती!"

मी पन्हाळीखाली ओंजळ धरली. साठलं तेवढं डोळ्यांना लावलं आणि उरलेलं नागवेलीच्या मुळाशी सोडलं.