चिमटा निसटला तेव्हा

हिवतापाचा तिसरा दिवस होता, तरी डॉक्टर महिपतराव कल्याणच्या दवाखान्यात येऊन बसले. अकरा वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती, आणि त्याचा त्यांना ताठा होता.

दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. खाडीत जाळी लावायच्या जागेवरून कान्हा आणि नामा या सख्ख्या भावांची जुंपली होती. कान्हानं नामाच्या दंडात कोयता घातला होता. दोघा कोळ्यांनी नामाला आणून टेबलावर टाकलं. त्याची बायको सगुणा जखमेवर लुगड्याचा बोळा दाबून होती.

महिपतरावांनी बोळा काढला आणि रक्ताची चिळकांडी त्यांच्या तोंडावर उडाली. त्यांनी शीर चिमट्यात धरली. तेवढ्यात अंगात हुडहुडी भरली, हात लटलटला, चिमटा निसटला. शीर फाटून मांसात आत गेली. नामा गुरासारखा ओरडला.

डॉक्टरांनी दोन बोटं जखमेत खुपसली आणि शीर हाडावर दाबून धरली. दातावर दात वाजत होते.

"सगुणा, तो रेशमी दोरा घे. जाळ्याला मारतेस तशी गाठ मार. माझ्यानं होणार नाही."

सगुणा वाकली. दोरा शिरेखालून ओवते तोच दार धाडकन उघडलं. कोयता घेऊन कान्हा आत शिरला.

"अजून जिता हाय?"

नामाला आणणारे दोघे खिडकीतून पळाले. महिपतरावांना बाजूला होता आलं असतं. पण बोटं काढली की नामा संपला. ते नामावर आडवे झाले. कोयता त्यांच्या खांद्यात बसला, हाडावर करकरला. त्यांनी बोटं हलवली नाहीत.

"बांध!" ते ओरडले.

सगुणानं गाठ आवळली. मग खलातला लोखंडी बत्ता उचलून दिराच्या कानशिलावर हाणला. कान्हा कोसळला, तरी आणखी दोनदा हाणला.

कान्हा जगला, पण त्या कानानं बहिरा झाला आणि तुरुंगात गेला. नामाचा हात वाचला. महिपतरावांचा डावा हात पुढं खांद्याच्या वर कधी गेला नाही.

महिन्यानं सगुणा भेटायला आली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "मी त्या दिवशी घरी निजायला हवं होतं. तुझा नवरा माझ्या हातून मरत होता."

"मना ठावं हाय," सगुणा म्हणाली. "मी बगितलंय."

ती आणखी काही म्हणेल म्हणून ते थांबले. ती त्यांच्यासाठी आणलेली सुकी मासळी टोपलीतून काढून ठेवत होती.